बार्बाडोस चेरी: झाडाझाडांतला फरक पारखा, मगच गुटी बांधा

बियांपासूनच्या बागेत एक झाड सरळसोट वाढते, शेजारचे फांद्या पसरून जमिनीला टेकते. एकाचे फळ आंबट, दुसऱ्याचे गोडसर. रोपवाटिकेने फसवले असे लगेच धरू नका. बार्बाडोस चेरी, म्हणजेच ॲसेरोला, मूळची कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिकेकडची. बी लावून आलेले रोप मातृवृक्षासारखेच निघेल याची खात्री नसते. म्हणून चांगले झाड पारखून त्याची गुटी बांधायची, म्हणजे फांदीला झाडावरच मुळे फोडून तिचे नवे रोप करायचे.

पावसाच्या सुरुवातीला झाड फुलते आणि फुलापासून साधारण 3 ते 4 आठवड्यांत फळ पिकते. पारख करायची हीच वेळ.

आधी जमिनीचा दोष बाजूला काढा. मराठवाड्यातल्या चुनखडीच्या रानात कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता, वेगळी जात नव्हे. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सायंकाळी फवारा, 15 दिवसांनी पुन्हा एकदा. झाड खुजे राहिले असेल तर बुंध्यापासून हातभर अंतरावर बारीक मुळ्या उकरून पाहा; गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) आहेत. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की वरच्या थरातली मुळे गुदमरतात आणि पानगळ होते. अशी झाडे तुलनेत धरूच नका.

उरलेल्या झाडांत फांद्यांची ठेवण, पानाचा आकार, पानामागची बारीक लव आणि फळ पाहा. सारख्याच पिकलेली 10 फळे तोडून वजन करा. फळाला वरून तीन उथळ खाचा असतात, आत कंगोरेदार 3 बिया. बिया काढून पुन्हा वजन केले की गर किती ते कळते. कच्च्या आणि पिकलेल्या फळांची तुलना निरर्थक, कारण क जीवनसत्त्व कच्च्या फळात जास्त असते आणि पिकताना घटते. एका बहरावर निकाल देऊ नका. झाडाला रंगाची खूण करून दोन बहर नोंद ठेवा. लांबच्या बाजाराचा विचार असेल तर लक्षात घ्या, पिकलेले फळ उघड्यावर जेमतेम 2-3 दिवस टिकते.

निवडलेल्या झाडावर पेन्सिलच्या जाडीच्या फांदीची 2.5 सेंमी साल गोल काढा. खालचा बुळबुळीत थर सुरीने पुरता खरवडा. गुटी फसते ती बहुधा इथेच: थर राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळे फुटत नाहीत. भिजवून घट्ट पिळलेले मॉस (शेवाळ) मूठभर लावून प्लॅस्टिकने दोन्ही टोके आवळा. पाणी गळेल इतके ओले ठेवले तर फांदी कुजते. 6 ते 8 आठवड्यांत प्लॅस्टिकमधून मुळे दिसली की खालून कापून पिशवीत लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा. पिशवीसाठी वांगी, टोमॅटो किंवा भेंडीच्या रानातली माती नको, तिच्यातून सूत्रकृमी येतात.

लागवड 3 × 3 मीटरवर, भारी जमिनीत 45 सेंमी उंच गादीवाफ्यावर. पण सगळी बाग एकाच झाडाच्या गुट्यांची करू नका. मायदेशात फुलातले तेल गोळा करणाऱ्या मधमाश्या हिचे परागीभवन करतात, त्या आपल्याकडे नाहीत. त्यातच स्वपरागावर फळधारणा अनेकदा कमी होते. म्हणून निवडलेल्या 2-3 झाडांच्या गुट्या ओळीआड लावा.