सीपीयूचा स्पीड आपोआप उतरतो, पण बिल किती उतरतं?

माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बरीचशी मशीन्स डीटीपीवाल्यांची असतात, त्यात इंटेलच्या जुन्या आय फाइव्ह 2400 सीपीयूची भरपूर. बेस स्पीड 3.1 गिगाहर्ट्झ, टर्बो (कामाचा ताण आला की आपोआप चढणारा स्पीड) 3.4, आणि काम नसलं की आपोआप 1.6. ‘स्पीड निम्मा म्हणजे बिल निम्मं’ असा हिशोब लोक बिनधास्त मांडतात. तो किती खरा, ते स्वतःच्या मशीनवरच बघा.

प्लगमध्ये लावायचा साधा वॅटमीटर घ्या. तो यूपीएस आणि कॅबिनेटच्या मध्ये लावा, भिंतीच्या प्लगवर नको, नाहीतर बॅटरी चार्जिंगची वीजही त्यातच मोजली जाते. मॉनिटरची वायर वेगळी ठेवा. मशीन चालू करून दहा मिनिटं थांबा. अपडेट आणि अँटीव्हायरस शांत झाल्याशिवाय आकडा टिकत नाही.

आता विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ सापडेल. आधी 5 टक्के ठेवून मीटर वाचा, मग 100 टक्के करून परत वाचा. टास्क मॅनेजरमध्ये स्पीड चढलेला दिसेल, पण मीटर जेमतेम दोन-चार वॅट हलेल. कारण रिकामा कोर, म्हणजे सीपीयूमधला काम करणारा एकेक भाग, मंद चालत नसतो, तो झोपलेला असतो. सी-स्टेट्स, म्हणजे कोरच्या झोपेच्या पायऱ्या, त्याचं क्लॉक (स्पीड ठरवणारा ठोका) थांबवतात, खोल अवस्थेत व्होल्टेजही काढून घेतात. झोपलेल्या कोरला 1.6 काय आणि 3.1 काय! बाकीची वीज मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखे आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) खातात, त्यांना या सेटिंगशी देणंघेणं नाही. म्हणून बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) स्पीडस्टेपच्या, म्हणजे स्पीड आपोआप उतरवणाऱ्या सोयीच्या, आधी सी-स्टेट्स चालू आहेत का ते बघा. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवण्याच्या, नादात कुणीतरी बंद करून ठेवलेल्या असतात.

खरा फरक लोडखाली दिसतो. सीपीयूची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि स्पीडच्या पटीत वाढते. दोन्ही 10 टक्के कमी झाले तर चालू कामाची वीज साधारण 27 टक्के घटते. रात्रभर रेंडरिंग असेल तर ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 99 करा, टर्बो बंद होतो. काम थोडं उशिरा संपतं, पण पंख्याचा आवाज लगेच खाली येतो. रोजच्या टायपिंगसाठी मात्र 50-60 वर बांधून ठेवू नका. फाइल उघडायला वेळ लागतो आणि वाचत काहीच नाही.

बिलाचंच बघायचं तर 10 वॅट वाचले, रोज आठ तास, महिन्याला 25 दिवस, तरी होतात 2 युनिट. तेच मशीन रोज रात्री 14 तास नुसतं चालू राहिलं आणि 40 वॅट ओढत असलं, तर महिन्याला जवळजवळ 17 युनिट जातात. तेव्हा प्लॅन ‘बॅलन्स्ड’वर सोडा आणि वीस मिनिटांचं स्लीप लावा. नेटवर्क प्रिंटर त्याच मशीनवरून शेअर केलेला असेल तर दुकानाच्या वेळेत स्लीप नको, शेजारच्या टेबलवरून लगेच ओरड येते.