महाविद्यालयीन रसायनशास्त्राची पूर्वतयारी कशी करून घ्यावी

महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात मागे पडणारे बरेच विद्यार्थी मुळात गुणोत्तरात आणि एककांत अडखळलेले असतात. त्यामुळे अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी शिक्षकाच्या हाती काही आठवडे असतील, तर पुढची प्रकरणे आधीच उरकून घेण्याचा मोह त्याने टाळावा आणि तो वेळ या दोन गोष्टींसाठी, तसेच कणांचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याच्या सवयीसाठी राखून ठेवावा.

प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिणे आणि गुणाकार-भागाकारात एककांनाही आकड्यांसारखेच वागवणे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावावी. समजा, दर लिटरमागे ०.४ मोल (मोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचे एकक) संहतीचे मिठाचे २५० मिलिलिटर द्रावण तयार करायचे आहे. ०.२५ लिटरला दर लिटरमागे ०.४ मोलने गुणले की लिटर छेदले जाऊन ०.१ मोल उरतात, आणि त्यांना मिठाच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे दर मोलमागे ५८.४४ ग्रॅमने, गुणले की सुमारे ५.८४ ग्रॅम हे उत्तर मिळते. शेवटी भलतेच एकक उरले, तर मांडणी चुकली हे विद्यार्थ्याला कोणी न सांगताही कळते. त्रिकोणात बसवलेली सूत्रे पाठ करून घेणे सोपे असले, तरी मी ते सुचवणार नाही, कारण प्रश्नाची भाषा थोडी बदलली की कोणता त्रिकोण वापरायचा हेच विद्यार्थ्याला कळेनासे होते.

घातांकांचा आणि लॉगॅरिदमचा सरावही याच वेळी उरकून घ्यावा. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ३ वरून ५ वर गेला म्हणजे हायड्रोजन आयनांची संहती शंभरपट घटली, एवढे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता आले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

खरा वेळ द्यावा तो मोल या संकल्पनेला. एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, आणि २०१९ पासून मोलची व्याख्याच या नेमक्या संख्येवर आधारलेली आहे. परंतु विद्यार्थ्याच्या मनावर ठसायला हवे ते हे की अभिक्रिया कणांच्या संख्येनुसार घडते आणि तराजू मात्र वस्तुमान दाखवतो. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन यांची पूर्ण अभिक्रिया झाली तर काय शिल्लक राहील, असा प्रश्न विचारून पाहावा. कमी वजनाचा हायड्रोजन आधी संपेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हायड्रोजनचे २ मोल आहेत आणि ऑक्सिजनचा जेमतेम अर्धा. हायड्रोजनच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू लागत असल्यामुळे ऑक्सिजन संपतो, १८ ग्रॅम पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. एकूण वस्तुमान २० ग्रॅमच राहिले, याची खात्री विद्यार्थ्यांनी स्वतः करून घ्यावी. हे एक उदाहरण आकडे बदलून, घाई न करता, अनेकदा सोडवून घेणे हे दहा निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे एकेकदा दाखवण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

त्याच्याच जोडीला कागदावर रेणूंची चित्रे काढून घ्यावीत, कारण समीकरण बिनचूक संतुलित करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनातही भलतीच कल्पना असू शकते. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असते, हे चित्राने दाखवायला सांगितले, तर काही जण हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे रेखाटतात. बुडबुड्यात पाण्याचेच अखंड रेणू एकमेकांपासून दूर गेलेले असतात, हे तेथेच स्पष्ट करावे. कॅल्शिअम नायट्रेटच्या सूत्रात ऑक्सिजनचे सहा अणू कसे येतात, हेही चित्रामुळे लगेच उमगते, आणि समीकरण संतुलित करताना सूत्रातील अंक बदलण्याची चूक बरीच कमी होते.

पाठांतर अगदीच टाळता येत नाही. अमोनियम, नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड अशा नेहमी लागणाऱ्या मूलकांची नावे, सूत्रे आणि प्रभार रोज थोडे थोडे लिहून पक्के करावेत. आवर्तसारणी मात्र तोंडपाठ करून घेण्याची गरज नाही, कारण ती सहसा समोर उपलब्ध असते आणि ती वाचता येणे पुरेसे ठरते.