पाणथळीच्या सभेला जाण्याआधी

पहिल्या सभेला आम्ही प्रोजेक्टर नेला होता. पडद्यावर कमळं, बगळे, लाकडी पायवाट, बाकावर बसलेलं हसरं कुटुंब. पुढच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि विचारलं, "छान आहे. पाणी किती मावतं?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढचा दीड तास नुसता गलका झाला.

दुसऱ्या सभेच्या आधी जी तयारी केली, ती इथे लिहून ठेवतो. आमची कॉलनी पुण्यात, आंबील ओढ्याला मिळणाऱ्या एका नाल्याच्या कडेला आहे. नाल्यालगत एकरभर सखल भूखंड वर्षानुवर्षं पडून आहे. तिथे पावसाचं पाणी काही काळ थोपवून धरणारी पाणथळ करावी असं काही जणांचं म्हणणं, आणि भलत्या फंदात पडू नये असं बाकीच्यांचं. तुमच्याकडे जागा वेगळी असेल, भांडण बहुधा हेच असेल.

सुरुवात जागेवर जाण्यापासून, आणि तीही दोनदा. एकदा भर पावसात छत्री घेऊन. पाणी कुठल्या गल्लीतून येतं, कुठल्या चेंबरचं झाकण उचललं जातं, कोणाच्या पार्किंगमध्ये आधी शिरतं हे पाहायचं, आणि शक्य असेल तर वेळ दिसेल असे फोटो काढायचे. दुसऱ्यांदा मे महिन्यात, दुपारी. मे महिन्यात नाला वाहत असेल तर ते पाणी पावसाचं नाही, बहुधा कुणाची तरी ड्रेनेजलाइन त्यात सोडलेली आहे. ही गोष्ट सभेत दुसऱ्या कुणी काढण्याआधी आपण काढावी. मैलापाणी येत असताना पाणथळ केली तर होईल ते डबकं, आणि विरोध करणारे बरोबर ठरतील. आधी ती लाइन बंद करून घ्यायची, मग पाणथळीचं बोलायचं. बंगळुरूत जक्कूरच्या तळ्याला सांडपाण्याच्या प्रकल्पातून शुद्ध केलेलं पाणी पाणथळीतून गाळून सोडतात. कुणीतरी हे उदाहरण देईलच, म्हणून त्यातला फरक माहीत असू द्या. तिथे आधी प्रकल्प आहे आणि मग पाणथळ.

जुन्या रहिवाशांकडून भिंतीवरच्या खुणा दाखवून घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत घरांत शिरला, पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या एका इमारतीच्या जिन्यावर सहाव्या पायरीला अजून चिखलाची रेघ आहे. दोनदा रंग दिला तरी सेक्रेटरींनी तेवढी वीतभर पट्टी सोडायला लावली. मोजपट्टी लावून तिचा फोटो घेतला.

पण या खुणेचा वापर जपून करा. पहिल्या सभेत आमच्यातल्या एकाने उत्साहात सांगून टाकलं की पाणथळ झाली की पुन्हा २०१९ होणार नाही. हे खोटं आहे, आणि ते कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. म्हणून आता हिशेब.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या भूखंडाकडे ज्या भागाचा उतार आहे तो अंदाजे १५ हेक्टर, म्हणजे दीड लाख चौरस मीटर. बहुतेक गच्च्या, डांबर आणि पेव्हर ब्लॉक, म्हणून पडलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के वाहून येतं असं धरलं. तासाभरात २० मिलिमीटरची सर आली तर २४ लाख लिटर. ५० मिलिमीटरची आली तर ६० लाख. आता भूखंड. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या आसपास. कायम राहणाऱ्या उथळ पाण्याच्या वर, कडांचा उतार वजा जाता, सरासरी ७० सेंटिमीटर पाणी तात्पुरतं चढू दिलं तर २८ लाख लिटर मावतात. दहा हजारी टँकरच्या भाषेत २८०.

म्हणजे २० ची सर सगळी मावते, ५० ची निम्मीही नाही. हे दोन आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. कोपऱ्यावरचं वर्षातून दहा वेळा तुंबणारं पाणी यातून कमी होईल, महापुराचं पाणी सांडव्यावरून पुढे जाईल. एवढंच आश्वासन द्या. जास्त सांगितलं तर लोक म्हणतील, कात्रजचा घाट दाखवताय. आणि आमचा नाला तर कात्रजच्याच बाजूने येतो.

खड्डा खणून बघा. पुण्यात वरचा भराव आणि मुरूम काढला की बऱ्याच ठिकाणी काळा कातळ लागतो, आणि 'पाणी जमिनीत मुरेल' हे वाक्य तिथेच अडतं. आम्ही दोन फूट खोल खड्डा घेतला, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून फूटपट्टी उभी केली आणि तासातासाला आकडा टिपला. संध्याकाळपर्यंत जेमतेम चार बोटं उतरलं. म्हणून भूजल, बोअरवेल वगैरे मुद्दे आमच्या कागदावरून काढले. वाईट वाटलं, पण सभेत तो खड्डा कामी आला. विरोधातल्या एका काकांनी नेमका तोच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून खाली बसले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. विकास आराखड्यात भूखंडावर काय आरक्षण आहे ते आधी बघा. क्रीडांगण असेल आणि वापर बदलायचा असेल तर १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना) कायद्याचं कलम ३७ लागतं. त्यात जाहीर नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. तो महिना बहुधा गणपती नाहीतर परीक्षांमध्ये येतो, तेव्हा कोणीतरी लक्ष ठेवावं. भूखंड निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये, हेही पाहा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्याच्या आत असेल तर 'इथे बिल्डिंग झाली असती तर भाव वाढले असते' हा युक्तिवाद आपोआप बाद होतो. पावसाळी गटारांचा नकाशा तोंडी मागून मिळाला तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये आणि तीस दिवस. सभेच्या आठवडाभर आधी जागे झालात तर हे जमणार नाही. आमचं जमलं नव्हतं.

आता डास. सभेत निम्मा वेळ डासच घेतात, तेव्हा तयारीही तेवढी हवी. "तुमच्या तळ्यामुळे माझ्या नातवाला डेंग्यू झाला तर?" असं एका आजींनी विचारलं तेव्हा आमच्यातला एक तरुण हसला. ती आमच्या बाजूची सगळ्यात महाग चूक. आजींच्या शेजारच्या घरात खरंच डेंग्यूने माणूस दवाखान्यात होता.

तर नीट सांगायचं. डेंग्यूचा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, करवंट्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. वर चढलेलं पाणी दोन दिवसांत उतरलं तर त्यात डासाची पिढी पुरी होत नाही. खाली जे कायम पाणी राहतं त्यात डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक छोटे मासे आणि चतुर (ड्रॅगनफ्लाय) हवेत. गप्पी मासे मूळचे इथले नाहीत, पण पालिकेकडे मागितले की मिळतात. गंबूसिया मात्र नको, तो बाकीच्या माशांची आणि बेडकांची पिल्लं खाऊन टाकतो.

आणि दुसरी बाजूही आपणच सांगायची. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास, ज्याच्यामुळे रात्री झोप लागत नाही, तो जलपर्णी माजलेल्या आणि तोंड तुंबलेल्या पाणथळीत नक्की होतो. पाषाणच्या आणि कात्रजच्या तळ्यावर जलपर्णीचा गालिचा पुणेकरांनी पाहिलेला आहे, त्यांना तो फोटोशॉप वाटणार नाही. जलपर्णी लावायची नसते, तीच येते. लावायचं ते पाणकणीस, लव्हाळा, वेखंड, कर्दळ, कडेला वाळा. पाणकणीसही दरवर्षी कापावं लागतं, नाहीतर तळं त्याच्या मालकीचं होतं.

लहान मुलं पडतील ही भीती खरी आहे. कडा चार फुटांना एक फूट याहून चढ्या नकोत आणि काठालगत दोन-तीन मीटर रुंदीची, गुडघ्याहून कमी पाण्याची पायरी हवी. नकाशात ती दाखवून घ्या, दाखवलेली नसेल तर तो नकाशा सभेत नेऊच नका.

भूखंडावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना सभेला बोलवा. आम्ही बोलावलं नव्हतं, ती स्टंप घेऊन आली. त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर दाखवलं की मुंबईत हिंदमाता भागात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने बागेच्या आणि मैदानाच्या खाली टाक्या बांधल्या, वर मैदान तसंच राहिलं. मुद्दा बिनतोड होता. उत्तर एवढंच, की जमिनीखालच्या टाक्यांना पंप लागतात, पंपांना वीज, विजेला बिल, आणि मुंबई महापालिकेची तिजोरी आमच्या कॉलनीला नाही. तरी आम्ही आराखडा बदलला. भूखंडाची उंच बाजू कोरडी ठेवली, जिथे नोव्हेंबर ते मे आरामात खेळता येईल आणि फक्त मोठ्या पावसात पाणी चढेल. क्षमता थोडी घटली, २८ चे २४ लाख लिटर झाले. २० ची सर तरीही मावते, काठोकाठ. आमच्यातल्या पक्षिप्रेमींना हे पटलं नाही, अजून पटलेलं नाही.

नाल्याच्या खालच्या अंगाला वस्ती आहे. तुंबलेल्या पाण्याचा खरा मार तिथे बसतो, आणि पहिल्या सभेत तिथलं एकही माणूस नव्हतं, कारण रविवारी सकाळी दहा वाजता तिथल्या ताई आमच्याच घरांत भांडी घासत होत्या. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुसरी सभा आम्ही संध्याकाळी सात वाजता ठेवली, आणि त्याआधी दोघे-तिघे वस्तीत जाऊन आलो. त्यांना बगळ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता: "सुशोभीकरण झालं की आम्हाला उठवणार का?" याचं लेखी उत्तर पालिकेकडून आल्याशिवाय त्यांनी सही करू नये असं मी स्वतःच त्यांना सांगितलं. आमच्या समितीतल्या काहींना ते आवडलं नाही.

कुणी म्हणेलच की शहरात तळी करणं हे परदेशी फॅड आहे. वाद घालू नका, सारसबागेची आठवण करून द्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात आंबील ओढ्याचं पाणी वळवलं गेलं, पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं, पुढे त्यातल्या बेटावर गणपती बसला. तळं विसाव्या शतकात बुजून बाग झाली. गणपतीला मात्र लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. मूळ आराखड्यातलं पूर्ण २८ लाख लिटर पाणी ४८ तासांत उतरायचं तर सेकंदाला साधारण १६ लिटर सोडावं लागतं, म्हणजे दर सेकंदाला एक बादली. एवढं पाणी जायला बाहेर सोडणारं भोक चार-साडेचार इंचांचं पुरतं. एकरभर पाणथळीचं काम या भोकावर चालतं, आणि दुधाची एक रिकामी पिशवी ते बंद करू शकते. बंद झालं की पाणी उतरत नाही, दुसरी सर येते तेव्हा जागा नसते, डासांचे आठ दिवस भरतात, आजी खऱ्या ठरतात.

म्हणून सभेत कमळाआधी जाळीबद्दल बोला. भोकासमोर तिरकी लोखंडी जाळी, तिच्यापर्यंत पावसातही चालत जाता येईल असा ओटा. पाणी आत येतं तिथे वेगळा गाळाचा हौद, म्हणजे वाळू, प्लॅस्टिक आणि थर्माकोल तिथेच बसेल आणि जेसीबी मुख्य तळ्यात न उतरवता काढता येईल. त्यासाठी जेसीबीला रस्ता हवा. आमच्या पहिल्या नकाशात तिथे गझीबो होता.

मग नावं. पावसाळ्यात दर सरीनंतर जाळी कोण बघणार, गाळ मे अखेरपर्यंत कोण काढणार, पाणकणीस कोण कापणार, पैसे कुठल्या खात्यातून. बांधकामाच्या निविदेतच पुढच्या पाच वर्षांची देखभाल धरा असा आग्रह धरा, नाहीतर फीत कापली की कंत्राटदार दिसत नाही. 'नागरिकांचा सहभाग' असं कुणी लिहिलं तर तिथेच थांबवून विचारा, नागरिक म्हणजे कोण, फ्लॅट नंबर किती. आमच्याकडे शेवटी तीन सोसायट्यांचे वॉचमन, त्यांना महिन्याचा ठरावीक भत्ता, आणि वरून एक निवृत्त काका, ज्यांना तशीही पाच वाजता जाग येते, असं ठरलं. काकांनी अट घातली की गमबूट सोसायटीने द्यायचे. ती अट इतिवृत्तात आहे.

सभेच्या दिवसाचं किरकोळ: हॉलची किल्ली आदल्या रात्री ताब्यात घ्या. फळा, खडू, एक्स्टेन्शन बोर्ड. प्रोजेक्टर घरी ठेवा. एक १६ लिटरची बादली आणि साडेचार इंची पाइपचा तुकडा टेबलावर मांडा, माणसं आल्या आल्या हात लावून बघतात. चहा सभेच्या मध्यावर ठेवा, शेवटी ठेवला तर विरोध करणारे न पिताच जातात. कनिष्ठ अभियंता साहेबांना बोलवायचं असेल तर पहिल्या अर्ध्या तासात बोलू द्या, नंतर त्यांना फोन येतो. आणि इतिवृत्तावर सह्या त्याच रात्री, हॉलच्या दारात घ्या, 'विरोध' असं लिहून सही करणाऱ्यांच्याही. आमच्या कागदावर ६१ सह्या आहेत, त्यातल्या १७ विरोधाच्या. आजींची सही त्या सतरांत आहे, आणि तिच्यापुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: जाळी बसली की परत विचारा.