होकायंत्राची चूक बोटीवरच शोधा

मुंबईहून रत्नागिरीकडे निघालेल्या बोटीला व्हेरिएशनचा फारसा त्रास नाही. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला हा फरक कोकण किनाऱ्याच्या या पट्ट्यात जेमतेम एक अंशाचा. केपटाउनजवळ तो २५ अंशांच्या घरात जातो. चार्टवरच्या, म्हणजे सागरी नकाशावरच्या, दिशाचक्राच्या मध्यभागी तो सालासकट छापलेला असतो, सोबत दरवर्षीचा बदलही. चार्ट जुना असेल तर तेवढ्या वर्षांचा हिशेब धरा.

खरी फसगत करतं ते डेव्हिएशन, म्हणजे चुंबकीय उत्तर आणि होकायंत्र दाखवतं ती उत्तर यांतला फरक. ते तुमच्याच बोटीतल्या लोखंडामुळे आणि विजेमुळे येतं आणि बोटीचं तोंड फिरलं की बदलतं. उत्तरेला बरोबर दाखवणारं होकायंत्र पूर्वेलाही बरोबर दाखवेल याची खात्री नाही. पाच अंशांची चूक बारा सागरी मैलांवर बोटीला जवळपास एक मैल बाजूला नेते. खडकाळ किनाऱ्यावर तेवढंच पुरतं.

आधी कारणं हटवा. व्हीएचएफ रेडिओचा स्पीकर, पाना, मोबाइल, एकेक वस्तू होकायंत्राजवळ नेऊन बघा. तबकडी हलली तर ती तिथे नको. मोबाइलचा चुंबकवाला स्टँड तर फार वाईट. होकायंत्राच्या दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे त्यांचं चुंबकीय क्षेत्र आपसांत कटतं.

मग उरलेलं मोजा. शांत पाणी, इंजिन चालू, सामान नेहमीच्या जागी. चार्टवरच्या दोन खुणा निवडा, उदाहरणार्थ दीपस्तंभ आणि त्यामागचा देवळाचा कळस. त्या एका रेषेत येतात ती खरी दिशा चार्टवर ०७८ भरली आणि व्हेरिएशन १ पश्चिम असलं (म्हणजे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या एक अंश पश्चिमेला), तर चुंबकीय ०७९. आता ती रेषा दर ४५ अंशांनी तोंड बदलून आठ वेळा ओलांडा. दर वेळी मिनिटभर सरळ चाला, तबकडी स्थिर होऊ द्या आणि खुणा जुळल्या त्या क्षणी होकायंत्रावरून त्यांची दिशा वाचा. ०८३ आली तर त्या तोंडाला डेव्हिएशन ४ पश्चिम. ०७७ आली तर २ पूर्व. आठही आकडे तक्त्यात लिहून सुकाणूजवळ लावा.

होकायंत्रावरून चार्टवर जाताना पूर्व मिळवा, पश्चिम वजा करा: ०८३ वजा ४ वजा १ म्हणजे ०७८. चार्टवरून सुकाणूवर येताना बरोबर उलट.

नेहमी होणारी चूक: दीपस्तंभ ज्या दिशेला दिसतो, त्या दिशेचं डेव्हिएशन तक्त्यातून उचललं जातं. घ्यायचं असतं ते बोटीचं तोंड ज्या दिशेला आहे तिथलं. इंजिन बदललं, होकायंत्राजवळ वेल्डिंग झालं किंवा नवा रेडिओ बसवला, की तक्ता पुन्हा करा.