एम.एच. पासिंगची दुचाकी घेऊन बेळगावात येणाऱ्यांना

उद्यमबागेत किंवा मच्छेच्या बाजूला नोकरी लागते, कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस आपली दुचाकी घेऊन येतो, आणि पहिल्या पंधरवड्यात एखादा टिपर त्याला कडेच्या मातीत उतरवतो. मग गावाकडे फोन जातो: ‘इथं महाराष्ट्राची पाटी बघून कट मारतात.’ मी मूळचा सातारकडचा, आता पोरं इथल्याच कॉलेजात शिकतात. माझं ऐकाल तर हा समज आधी डोक्यातून काढा. टिपरवाला पाटी वाचत बसत नाही. इथल्या केए-२२ नंबरवाल्यालाही तो तसाच मातीत घालतो, आणि खाली उतरून भांडायला लागला तर बऱ्याचदा तुमच्यापेक्षा चांगली मराठी बोलतो.

रस्त्यावरची जागा इथं गाडीच्या आकारावर ठरते. समोरून येणाऱ्या कारला ट्रकवाला मान देतो, कारण धडकलं तर त्यालाही खर्च आहे. दुचाकीबद्दल त्याचा एकच हिशेब: ‘सरकेल की तो.’ जांबोटी-चोर्ला रस्त्यावर किंवा खानापूरच्या आतल्या रस्त्यांवर समोरचा ओव्हरटेकला बाहेर पडतो तेव्हा तुम्हाला पाहून पडतो, फक्त वाहन म्हणून मोजत नाही. त्यानं डिपर मारला तर ‘या’ असं समजू नका. ‘मी आलो, तुम्ही खाली व्हा’ असा तो निरोप असतो. हक्क तुमचाच असतो, पण तो तिथं बजावायचा नाही.

पाटी आड येते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांत. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. हिवाळ्यात हलग्याजवळच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हाही वातावरण तापतं. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या. अशा दिवशी चन्नम्मा चौकाकडे गाडी नेऊ नका, हायवेला जाण्याआधी बातम्या बघा. बाकीच्या दिवशी कुणाला सोयरसुतक नसतं.

कागदांचं मात्र वेळेवर बघा. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. आधी गावाकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, मग इथला टॅक्स. इथंच राहायचं ठरलं असेल तर हे काम सुट्टीत गावी गेल्यावर आधी उरका.

शहरातलं ट्रॅफिक आठवड्यात अंगवळणी पडेल. एक जागा तेवढी सांगून ठेवतो: टिळकवाडीची रेल्वे गेटं. गाडी जाईपर्यंत दोन्ही बाजूंच्या दुचाकी अख्खा रस्ता भरून उभ्या राहतात आणि गेट उघडलं की कबड्डीच्या दोन संघांसारख्या एकमेकांवर येतात. इथं दोष कारवाल्यांचा नाही, आपलाच आहे. डाव्या कडेला थांबा, पुढचे चार जाऊ द्या.

आता खरं धोक्याचं. दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू झाले की चिकोडी, गोकाक, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात संध्याकाळनंतरचे रस्ते उसाचे होतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांना ट्रॉलीबाहेर फूटभर आलेला, मागं लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी असली तर चिखलानं झाकलेली. टेप एवढ्या मोठ्यानं चालू असतो की तुमचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत जातच नाही. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर तो तुम्हाला मोटारसायकलच वाटतो. तो दिवा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या डाव्या बाजूचा असला तर अख्ख्या ट्रॅक्टरची रुंदी तुमच्या बाजूला अंधारात असते. म्हणून एक दिवा दिसला की समोर ट्रॅक्टर आहे असंच धरून चला, आणि दिवा जवळ येण्याआधी वेग कमी करा. पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तर पुढचं चाक सरकतं. चिरडलेला पाला आणि त्यावर दव पडलं तर ब्रेक लागूनही गाडी थांबत नाही. कारखान्याच्या अलीकडे-पलीकडे काही अंतर हेच. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच सोडून ड्रायव्हर जॅक आणायला जातो, मागं खूण म्हणून दोन दगड. डांबराच्या रंगाचे दगड! शक्य असेल तर या मोसमात रात्रीचा प्रवास बसनं करा.

शनिवारी संध्याकाळी गावी निघणाऱ्यांनी निपाणीजवळच्या तवंदी घाटात उतरताना भरलेल्या ट्रकच्या पुढं राहू नये. उतारावर त्याचे ब्रेक तापलेले असतात. त्याला जाऊ द्या. एरवीही ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही, एवढं धरून चला. आणि उजवा इंडिकेटर लागला तर तो ‘जा पुढं’ म्हणतोय की स्वतः वळतोय हे क्लीनरच्या हातावरून ओळखायचं. हात दिसला नाही तर मागंच राहा.

हेल्मेटबद्दल वाद नको. मागं बसणाऱ्यालाही लागतं, नाहीतर कर्नाटकात ५०० रुपये दंड आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. १ जून २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय हेल्मेट विकायला बंदी आहे, तरी फुटपाथवर टोपीसारखी वाटी मिळते. ती पोलिसासाठी असते, डोक्यासाठी नाही.

कन्नड पाट्या वाचायला कुणाकडून तरी शिकून घ्या. ‘निधान’ म्हणजे हळू, ‘तिरुवु’ म्हणजे वळण, आणि ‘अपघात वलय’ वाचता आलं की पुढचं सांगायला नको. घाटातल्या धुक्यात भाषेचा अभिमान खिशात ठेवलेला बरा.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. जखमीला उचलून नेणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही; २०१९ च्या दुरुस्तीत तसं संरक्षण दिलंय, त्यामुळे घाबरून निघून जाऊ नका. गर्दी जमते, त्यात मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा माणूस असतोच. त्याला ‘अण्णा’ म्हणून हाक मारा आणि त्यालाच बोलू द्या. ‘इथंच मिटवू’ म्हणणारे भेटतील. गाडीला ओरखडा असेल तर मिटवा. डोक्याला मार लागलाय, उलटी होतेय, तर एक पैसाही न घेता आधी दवाखाना, मग फिर्याद, आणि समोरच्या गाडीच्या नंबराचा फोटो त्याने गाडी हलवायच्या आत.