लाजाळू आहे की एकटं राहायला आवडतं, आधी हे ओळखा

मूल कोपऱ्यात एकटं खेळतंय म्हणून ते लाजाळूच, असं लगेच धरून चालू नका, आधी थोडा वेळ नुसतं लांबून बघा. इतर मुलांकडे सारखं बघतंय, जवळ जाऊन परत मागे फिरतंय, तर ती लाज, म्हणजे जायचंय पण भीती वाटतेय. आणि आपल्याच ठोकळ्यांत रमलंय, कोणी बोलावलं तर आरामात जातंय, तर त्याला एकटं आवडतं, त्याला प्लीज तसंच राहू द्या.

लाजणाऱ्या मुलाला कुठे न्यायचं असेल तर गर्दी व्हायच्या आत न्या, जागा ओळखीची झाली की निम्मी भीती जाते. आधी एकाच मुलाशी खेळू द्या. कोणी काही विचारलं तर त्याच्या वतीने पटकन उत्तर देऊ नका, थांबा जरा. आणि त्याच्यासमोर 'हा ना फार लाजतो' हे बोलणं बंदच करा, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी 4 महिन्यांच्या बाळांना नवनवीन वस्तू दाखवल्या, आवाज ऐकवले, तर साधारण 20 टक्के बाळं जोरात हातपाय झाडायची, रडायची, आणि त्यातली बरीच पुढे बुजरी निघाली, पण सगळी नाही. म्हणजे यात आईबापाची चूक नसते आणि बदलायला जागाही असते.

टीनएजर खोलीचं दार लावून बसला तर घाबरू नका, या वयात थोडा एकांत चांगलाच असतो. पण शाळा, मित्र, आवडीच्या गोष्टी सगळंच टाळायला लागला तर मात्र काउन्सेलरकडे जा, उशीर करू नका.

मोठेपणी लाजणाऱ्यांना वाटतं सगळे आपल्याकडेच बघतायत. अमेरिकेत 2000 साली छापून आलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी बघितला असेल, प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला. म्हणून चारचौघांत गेल्यावर मोबाईलमध्ये डोकं घालणं, पुढचं वाक्य मनात घोकत बसणं हे मुद्दाम सोडून बघा, अशा सवयींनीच भीती टिकून राहते. समोरचा काय बोलतोय तिकडे लक्ष द्या आणि त्यातलंच काहीतरी विचारा, रोज एकदा एवढंच.

म्हातारपणी माणसं आपणहून गोतावळा कमी करतात, जवळची तेवढी ठेवतात, ते नॉर्मल आहे. त्यांना ओढून कुठे नेण्याआधी एकटं वाटतं का ते विचारा. आणि कान तपासून घ्या, नीट ऐकू येत नसलं की माणूस चारचौघांत बसणंच टाळतो आणि घरचे म्हणत राहतात की स्वभाव बदलला.