दारू आणि विचारांबद्दलचे समज मोजताय? या चुका टाळा

‘दोन पेग मारले की मजा येते’ ही दारूकडून असलेली अपेक्षा. ‘प्यायलो की डोक्यातलं चक्र थांबतं’ हा स्वतःच्या विचारांबद्दलचा समज. मोजायचा असतो दुसरा, पण मराठी प्रश्नावलीत पहिलाच शिरतो. भाषांतर झालं की इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या चार-पाच कामगारांना वाक्यं वाचून दाखवा आणि अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. उत्तर ‘अंग हलकं होतंय’ आलं, तर वाक्य बदला.

विचारांबद्दलचे समज मोजणाऱ्या एमसीक्यू-३० (मेटाकॉग्निशन्स क्वेश्चनेअर) या प्रश्नावलीत ३० वाक्यं, ५ गट, प्रत्येक वाक्याला १ ते ४ गुण. ‘कॉग्निटिव्ह कॉन्फिडन्स’ या गटात हमखास घोळ होतो. तिथे जास्त गुण म्हणजे आपल्या स्मरणशक्तीवर कमी भरवसा. नावाला भुलून गुण उलटे करू नका. पाचही गट वेगळे मांडा. नुसत्या बेरजेतून काही कळत नाही.

पिणं मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट चाचणी: १० प्रश्न, ० ते ४० गुण, शेवटच्या दोन प्रश्नांना फक्त ०, २ किंवा ४. एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ‘एक क्वार्टर’ हे एक ड्रिंक नव्हे: १८० मिली × ०.४२८ (४२.८ टक्के अल्कोहोल) × ०.७८९ (अल्कोहोलची घनता) म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम, सहा ड्रिंक. ८ टक्क्यांची ६५० मिलीची बिअर चार ड्रिंक. गटारी उरकून श्रावण लागला की ‘आता घेत नाही’ ऐकू येणारच. प्रश्न मागच्या १२ महिन्यांचा आहे, हे दरवेळी सांगा.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच. ‘पिण्यावर माझा ताबा नाही’ हे दारूविषयीच्या समजांच्या प्रश्नावलीत असतं, आणि ‘सुरू केल्यावर थांबता आलं नाही’ हा ऑडिटचा चौथा प्रश्न. एकच गोष्ट दोनदा मोजली, की समज आणि पिणं यांचा संबंध दणदणीत निघणारच! म्हणून ऑडिटचे फक्त पहिले तीन प्रश्न (० ते १२) घेऊन गणित पुन्हा करा. चिंतेचे गुणही मॉडेलमध्ये घाला. तरी टिकला, तरच तो संबंध मांडा. तोही कारण म्हणून नाही. आधी समज की आधी दारू, हे पाहणीच्या एकाच फेरीत कळत नाही.

महाराष्ट्रात बिअर-वाइन सोडून इतर दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. त्याखालची मुलं पिणं लपवणारच; कॉलेजात नाव, रोल नंबर घेतला, वर्गशिक्षकांनीच कागद वाटले, की सगळेच निर्व्यसनी.

ऑडिटमध्ये २० किंवा त्याहून जास्त गुण आलेल्यांना कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवा. ‘उद्यापासून बंद कर’ असं सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात.